रविवारची संध्याकाळ खायला उठते. एकटे राहणारे काय करता? (सोलापूरकरांनी जास्त लिहा)

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. मूळची चिपळूणची, बदली होऊन सोलापुरात आलेय. जुळे सोलापुरात वन बीएचके भाड्याने घेतलाय, एकटीच राहते. आठवडाभर काही वाटत नाही. बँकेच्या काउंटरवर इतकी माणसं भेटतात की घरी आल्यावर कुणी बोलू नये असंच वाटतं. सुट्टीचा शनिवार कपडे, किराणा, सिलिंडर यात जातो. गाडी अडते ती रविवारी दुपारी चारनंतर. झोपून उठावं तर बाहेर ऊन तसंच. समोरच्या फ्लॅटच्या दारात चपलांचा ढीग, आत पाहुण्यांचं हसणं. मग मोबाईल हातात घ्यायचा आणि मान वर करेपर्यंत अंधार. आईचा फोन येतो, "जेवलीस का गं?" मी "हो" म्हणते. दहीभात आणि लोणचं, तेही ओट्याशी उभं राहून.

'छंद जोपासा', 'सकारात्मक विचार करा' असं प्लीज लिहू नका. ते मला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतं, गुलाबाच्या फोटोसकट. प्रत्यक्षात काय करता ते सांगा. जागा, वेळ, खर्च, सगळं चालेल.

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९:०५

पहिलं ते दहीभात-लोणचं बंद करा हो ताई. एकट्या माणसानं जेवणाची काळजी करू नये असं आमचं गाव आहे. कडक भाकरी खाल्लीत का? ज्वारीची, पापडासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली. डब्यात घट्ट झाकून ठेवली की आठवडेच्या आठवडे राहते. बायका घरी करून विकतात, तुमच्या भागातही कुणी ना कुणी असणारच, किराणावाल्याला विचारा. ताटात कुस्करायची, वर घट्ट दही, शेंगाचटणी, कांदा. गॅस पेटवायचीसुद्धा गरज नाही.

चटणी मात्र उखळात कुटलेलीच घ्या. दोन बोटांत दाबली की तेल सुटून गोळा झाला पाहिजे. भुरभुरीत राहिली तर मिक्सरची आहे, परत करा. भाव करायला लाजू नका.

आणि माझा घरचा नियम: कढईतून खायचं नाही. ताट घ्यायचं, वाढून घ्यायचं, बसायचं. कुणी बघत नसलं तरी.

एकटा_जीव | रविवार, रात्री ९:३०

थोडा विरोधी सूर लावतो. मी वर्षानुवर्षं एकटा राहतो आणि मला आवडतं. तुमचा लेख वाचून वाटलं, दुखणं एकटं राहण्याचं कमी आणि रविवारचं जास्त आहे. आम्ही वाड्यात नऊ माणसं दोन खोल्यांत होतो, तरी रविवारी दिवेलागणीला पोटात गोळा यायचाच. सोमवारची शाळा. आता शाळेच्या जागी बँक.

त्यामुळे आधी एवढं बघा, सोमवारच्या कशाची धास्ती आहे का? असेल तर ते काम शनिवारीच निपटा. इस्त्री, डब्याची तयारी, जे असेल ते. रविवार मोकळा ठेवला की तोच अंगावर येतो.

समोरच्या घरातल्या चपला मोजू नका. आत त्यांची भांडणं चालू असतात.

भोंगा | रविवार, रात्री १०:१५

ताई, मी सत्तरीतला माणूस. टायपिंगला वेळ लागतो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचा एक रविवार आहे, निवृत्त माणसाला सातही दिवस रविवार. आमच्या लहानपणी हे गाव गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. १८७७ साली जुनी मिल निघाली, मग बाकीच्या आल्या. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की वडिलांचा डबा पोचवायचा. ज्यांचं गिरणीशी काही देणंघेणं नव्हतं तेही घड्याळ भोंग्याला लावायचे. पुढं गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले. घरात आमच्या मंडळींचा आवाज होता तोवर काही जाणवलं नाही. "अहो, साडेनऊ झाले, आंघोळीला जाताय का?" असं विचारणारं माणूस गेलं आणि घरातल्या वेळेचाच आकार गेला. मी दुपारी तीनला चहा घ्यायचो, रात्री बाराला आंघोळ. पोरगा पुण्याला. "बाबा, इकडं या" म्हणतो. जातो, आठ दिवसांत परत येतो.

आता असं आहे. सकाळी किल्ल्याची बाग, तिथून सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं देवळात. संध्याकाळी पाचला कंबर तलाव. पाटीवर संभाजी तलाव लिहिलंय, आमच्या तोंडात कंबर तलावच बसलंय. तिथं आमचा पाच-सहा जणांचा कट्टा आहे. गप्पा काही थोर नसतात. गुडघे, सुना, पेन्शन. पण एखाद्या दिवशी गेलो नाही की सव्वापाचला फोन, "जिता हाय का रं?"

चेष्टेनंच विचारतात. पण विचारतात बगा.

तुम्ही कुठं गेला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल, अशी एक तरी जागा गावात करून ठेवा. बँक धरू नका, तिथं पगार कापून लक्षात ठेवतात.

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:२२

काका 🙏 शेवटचं वाक्य जबरी.

मोकळी_खिडकी | सोमवार, सकाळी ७:४०

मी समुपदेशक आहे. सोलापुरात प्रॅक्टिस नाही, त्यामुळे जाहिरात समजू नये.

भोंगाकाका स्वतःच्या अंगाने जिथे पोचलेत त्याला आमच्या शास्त्रात बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. पीटर लुइन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्याचा पाया घातला. मन उदास झालं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आज फिरायला नको, उद्या फोन नको. सोडलेल्या गोष्टींबरोबर त्यातून मिळणारे चार बरे क्षणही जातात आणि मन आणखी बसतं. हे चाक मूड सुधारायची वाट बघून उलटं फिरत नाही. कृतीच्या बाजूने हात घालावा लागतो. 'बरं वाटलं की जाईन' असं नाही, 'पाचला ठरलंय' म्हणून जायचं. पहिल्या काही वेळा मजा येणारही नाही, हे आधीच धरून चाला.

हे फक्त परदेशातलं नाही. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवर याच तत्त्वाचा कार्यक्रम राबवला. समुपदेशक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. सहा ते आठ भेटी. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा तीन महिन्यांनी त्या गटातले जास्त लोक नैराश्यातून बाहेर आले होते.

घरी करायचं तर एक वही घ्या. काय केलं, आधी मूड दहापैकी किती, नंतर किती. दोन आठवड्यांत स्वतःलाच दिसतं की कशाने चढतो आणि कशाने उतरतो. बहुतेकांच्या वहीत रील्स बघण्यापुढचा आकडा खाली गेलेला असतो, तो मी सांगायची गरज पडत नाही.

वाशिष्ठीकाठ, एक विचारते. फक्त रविवारी होतं की रोजचंच झालंय? झोप, भूक कशी आहे?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी २:१०

(लंच टाइममध्ये लिहितेय.) झोप ठीक, भूकही. शेंगाचटणींचं वाचून तर जास्तच लागलीय. रोज नाही होत, रविवारीच. कधी सणाच्या दिवशी. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत गेले होते. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, बघितले, ती उंची, तो तोल, अंगावर काटा आला. सिद्धेश्वरांच्या लग्नसोहळ्यात अक्षता टाकल्या. होम मैदानावर पाळणे, गर्दी, सगळं आवडलं. घरी येऊन कुलूप काढलं आणि हे सगळं सांगायला कुणी नाही, हे एकदम जाणवलं.

भोंगाकाका, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मी गेले नाही तर कुणाच्या लक्षात येईल? दूधवाल्याच्या. तेही पिशवी दाराला तशीच राहिली म्हणून.

बोगी_नंबर_पाच | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मी आयटीत, घरूनच काम. सोलापूरचाच, पण आईवडील गावी शेतावर आणि मी इथल्या घरात एकटा. आमच्या ऑफिसातले बरेच बाहेरगावचे लोक दर शनिवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणं गाठतात आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या हुतात्मानं परत. रविवार सुटतो हे खरं. पण सोलापुरात त्यांना ओळखणारं कुणी तयारच होत नाही. तुम्ही तो मार्ग धरू नका एवढंच सांगतो.

माझी युक्ती साधी आहे. घरात काहीही साठवून ठेवत नाही. दूध रोज, भाजी रोज, पेपरसुद्धा स्टॉलवर जाऊन. अ‍ॅपवरून दहा मिनिटांत येतं, ठाऊक आहे. मुद्दाम नाही मागवत. पेपरवाला, भाजीवाली मावशी, चहावाला, एवढ्यांशी मिळून रोज पाच-सात वाक्यं होतात. एकही मित्र नाही त्यातला. पण ज्या दिवशी ती वाक्यं होत नाहीत त्या दिवशी रात्री मी कोडशी भांडत बसतो.

मोकळी_खिडकी | सोमवार, संध्याकाळी ७:१५

बोगी, यावर अभ्यास झालेला आहे. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोघींचा, २०१४ सालचा. जिवलग माणसं सोडून द्या, नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशीही ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी लोकांना जास्त बरं आणि आपण इथले आहोत असं वाटलं. भाजीवाल्या मावशींना कमी लेखू नका.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही सांगता त्यावरून काळजीचं वाटत नाही. तरी सगळ्यांसाठी लिहून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, कधी कधी मूळ तिथे निघतं. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानस १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

मशीनवाली_अक्का | सोमवार, रात्री ९:४५

माझी पोरगी टाइप करून देते, मी सांगते. मी पूर्व भागातली. शाळेचे युनिफॉर्म शिवते. आमची घरची भाषा तेलुगू, मराठी सोलापुरी, समजून घ्या.

मालक वारले, पोरीचं लग्न झालं. ती दोन गल्ल्या सोडून राहते पण तिचं तिला. मी आन् मशीन. दिवसभर घरात मशीनचा आवाज, आन् मशीन थांबली की कानात नुसतं सूं व्हायचं. मग शेजारची म्हणाली, अक्का, तुझी मशीन उचल आन् माझ्या पडवीत आण. आता चार मशिनी एका पडवीत. एक जण खिसे लावते, एक कॉलर, मी काजं-बटण. शिलाई तेवढीच मिळते, रुपया वाढला नाही. पण एक चहा करते, एक रेडिओ लावते, एकीचं सासूबरोबर वाजलेलं असतंय ते ऐकायचं. तास कुठं जातेत कळत नाही.

ताई, तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला शिवायला सांगत नाही. पण घरात एकटं बसून जे करायचंय ते चार लोकांत बसून करता येतंय का बघा. भाजी निवडा, पण दार उघडं ठेवून निवडा. आन् एक चावी शेजारी देऊन ठेवा. ताप आला, पडलाव, तर दार तोडायला कोण येणार?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०:०५

अक्का, चावीचं माझ्या मनात अनेकदा आलंय. रात्री बाथरूममध्ये पाय घसरला तर, हा विचार येतोच. पण शेजाऱ्यांशी तेवढी ओळख नाही, एकदम चावी कशी देणार?

एकटा_जीव | सोमवार, रात्री १०:२०

चावी नंतर द्या, आधी मेसेज. मी आणि माझा एक मित्र (तोही सडाफटिंग) रोज सकाळी एकमेकांना फक्त एक टिंब पाठवतो. नऊपर्यंत टिंब आलं नाही की फोन. फोन उचलला नाही की गाडीला किक. भावना वगैरे काही नाही त्यात. आवडीने एकटं राहायचं तर ही एवढी व्यवस्था लागतेच.

भोंगाकाकांसारख्यांसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि तातडीला ११२. फ्रिजवर लिहून ठेवा.

भोंगा | मंगळवार, सकाळी ६:१०

मला ज्येष्ठ म्हणलेलं कट्ट्यावर कळू देऊ नका.

ताई, तुमच्या अपार्टमेंटला पाणी कधी येतं आणि मोटर कोण लावतं?

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, दुपारी २:०५

चार-पाच दिवसांनी येतं काका, वेळ कधीच ठरलेली नाही. मोटर तळमजल्यावरचे आजोबा लावायचे. त्यांना आता जमत नाही, म्हणून ग्रुपवर रोज वाद. 'कुणी लावली?' 'कुणी बंद केली नाही?' परवा टाकी वाहून जिन्यात धबधबा. का विचारलंत?

भोंगा | मंगळवार, दुपारी २:३०

मोटरची चावी तुम्ही घ्या.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:३२

😂😂 काका!

बोगी_नंबर_पाच | मंगळवार, दुपारी २:५०

काका गंमत करत नाहीयेत बहुतेक. सोलापुरात मोटर ज्याच्या हातात, त्याला बिल्डिंगमधलं लहान पोरगंसुद्धा ओळखतं.

वाद_नको | मंगळवार, दुपारी ३:१५

म्हणजे शिकलेल्या, नोकरदार बाईने मूड सुधारायला बिल्डिंगचं फुकट काम अंगावर घ्यायचं? मग उद्या टाकी धुवायला, परवा मेंटेनन्स गोळा करायला तिलाच सांगतील. एकट्या बाईला असंच राबवतात आपल्याकडे. आणि मुळात पाणी रोज का येत नाही यावर कुणी बोलणार आहे का?

संपादक | मंगळवार, दुपारी ३:४०

पाणीपुरवठ्यावर स्वतंत्र धागा आहे, तिकडे भांडावे. इथे मूडवर बोलावे.

मोकळी_खिडकी | मंगळवार, संध्याकाळी ७:००

वाद_नको यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. उपयोगी पडणं आणि वापरलं जाणं यात फार बारीक रेघ आहे, आणि एकट्या बायकांच्या बाबतीत ती सहज पुसली जाते. त्यामुळे घ्यायचंच तर एकच काम, ठरलेली मुदत आणि आठवड्यातला ठराविक वार. नको झालं तर सोडायची मोकळीक. रविवार आपला, बाकीचे वार वाटून घ्या, असं ग्रुपवर लिहून टाकावं.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ८:१५

मंडळी, अपडेट देते. ग्रुपवर मोकळी_खिडकी यांनी सुचवलं तसंच लिहिलं. रविवार माझा, बाकी वारांची नावं टाका. अर्ध्या तासात पाच नावं आली. आजवर ग्रुपवर 'शुभ सकाळ'पलीकडे न गेलेले लोक.

आणि आज नेमकं पाणी आलं. पावणेपाचला. नळाची हवा फुसफुसायला लागली तशी खाली पळाले. आजोबांनी खुर्ची टाकून शिकवलं. आधी व्हॉल्व्ह, मग पंपात तांब्याभर पाणी ओतायचं, हवा धरली की मोटर नुसती घुरघुरते, मग बटण. दीड तास तिथेच उभी. प्रत्येक गॅलरीतून आवाज, "ताई, आलं का ओ?" "ताई, प्रेशर कसंय?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, त्याच चपलांच्या ढिगाच्या, चहा घेऊन खाली आल्या. त्या मूळच्या विजयपूरच्या निघाल्या, त्यांनाही इथे येऊन वर्ष झालेलं नाही. हुरड्याला शेतावर येणार का विचारत होत्या, गावाकडे अजून चालू आहे म्हणाल्या.

मूड कसा आहे विचाराल तर पाय दुखतायत आणि कुर्ता ओला आहे. वहीत आधी तीन, नंतर सात लिहिलं. चावी अजून कुणाला दिलेली नाही. टिंब मात्र बहिणीशी सुरू केलंय. आणि पुढच्या रविवारी पाणी येणार नाही हे कळतंय, तेव्हा काय करायचं हा प्रश्न आहेच.

शेंगाचटणी | रविवार, रात्री ८:३०

विजयपूरच्या वहिनींना सोडू नका. हुरडा म्हणजे काय ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून, गरम-गरम हातावर चोळून, सोबत गूळ, दही आणि (अर्थात) मी.

एकटा_जीव | रविवार, रात्री ८:४५

तीनवरून सात? मला सिंहगड चढून एवढं होत नाही.

भोंगा | रविवार, रात्री ९:००

पुढच्या रविवारी पाचला कंबर तलावावर या. उघडी जागा, भरपूर वर्दळ, उजेड असतो तोवर बसतो. आमच्यात दोन आज्या पण आहेत. त्या विजयपूरच्या वहिनींना घेऊन या, म्हणजे तुम्हालाही अवघड वाटणार नाही. मार्च लागला की पाचला ऊन्हाचा तडाखा असतो, मग साडेसहाला बसतो.

बोगी_नंबर_पाच | रविवार, रात्री ९:१०

मी पण येऊ का काका? वयाची अट आहे का?

मशीनवाली_अक्का | रविवार, रात्री ९:२५

आम्ही चौघी येताव. रविवारी पडवी बंद असते. लिंबाचा भात आणते.

भोंगा | रविवार, रात्री ९:३०

अट एकच, गुडघ्यांवर बोलायचं नाही. तो विषय आमचा.

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री ९:४०

नक्की येते. एवढी माणसं झाली, कट्ट्यावर मावणार नाही. खाली अंथरायला कुणी चादर आणेल का?

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९:४१

ताई, सोलापुरात विचारताय हे?